मदर टॉलिव्हरचं अजून संपलेलं नाही

डब्लिन, ओहायो
८ मार्च २०२५

चि. शंतनू,

कागद बघून घाबरू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. व्हॉट्सॲपवर तू निळ्या खुणा उमटवतोस आणि गप्प बसतोस, म्हणून हा मार्ग काढला. तू पाकीट फोडलंस की नाही हे मला कळायची सोय नाही, त्यामुळे तुलाही मोकळं वाटेल. पत्ता हिमानीने दिला. तिला बोलू नकोस. मी नुसता रस्ता विचारला होता, तिने झिपकोडसकट पाठवला. बायको व्यवस्थित आहे तुझी.

दिवाळीच्या त्या कार्यक्रमाबद्दल मला काही लिहायचं नाही. दोन वर्षं होऊन गेली. मंडळाच्या भर स्टेजवर तू तबल्यावरून उठलास, माईक चालू असताना "दादा, गाणारीचं अजून संपलं नव्हतं" म्हणालास आणि सकाळच्या विमानाने बेलव्ह्यूला निघून गेलास. रत्नाकाकूंचं गाणं नीट संपलं होतं. मी संपवलं होतं, पेटीवर, समेवर. विषय बंद.

लिहायचं ते वेगळंच आहे. मी हल्ली चर्चमध्ये ऑर्गन वाजवतो.

दचकू नकोस, संकष्टी चालू आहे. झालं असं, आमच्या ऑफिसात क्लेम्समध्ये ग्लोरिया नावाची बाई आहे. तिचं चर्च कोलंबसच्या पूर्व भागात, विटांची बुटकी इमारत, शेजारी टायरचं दुकान. तिथला जुना ऑर्गन गुरगुरायला लागला होता. लंचला ती कोणाला तरी सांगत होती आणि मी म्हटलं, उघडून बघतो. मला कोणी शिकवलेलं नाही हे तुला ठाऊक आहे. पेटी मी रेडिओ ऐकून शिकलो आणि यंत्रं उघडून शिकलो. आतल्या चाकांचं तेल सुकलं होतं आणि एक वायर उंदराने कुरतडली होती. शेजारी कपाटाएवढा स्पीकर, त्यात कर्णा गरगर फिरतो आणि आवाजाला लाटा येतात. त्याचा पट्टा मी बदलला. दोन शनिवार गेले. मग वाजवून बघायला बसलो.

मी बिलावलाचे सरळ आरोह-अवरोह वाजवतोय, तेवढ्यात मागून आवाज आला, "बेबी, तुझा डावा हात काय माश्या मारतोय?"

खरंच हात हलत होता रे. भाता शोधत होता! चाळीस वर्षांची सवय, उजव्या हाताने सूर धरला की डावा आपोआप भाता मारायला लागतो. इथे भाता नाही, मोटर आहे. हात बिचारा हवेत.

मागे उभी होती ती मदर टॉलिव्हर, ग्लोरियाची आई. मदर म्हणजे चर्चमधल्या वडीलधाऱ्या बाईला देतात तो मान. वय एकोणऐंशी, डोक्यावर जांभळी टोपी. ती, ग्लोरिया, मागे आणखी चार बायका, एक ड्रमवाला, एक बासवाला असा त्यांचा गायनाचा संच आहे. ऑर्गनवाला भाचा क्लीव्हलंडला नोकरीला गेला. जूनच्या शेवटच्या शनिवारी चर्चमध्येच लोकांसमोर त्यांचं रेकॉर्डिंग आहे आणि ऑर्गनची जागा रिकामी.

ती म्हणाली, "गुरुवारी ये. रेकॉर्डिंगला तुला बसवायचं की नाही ते मी नंतर बघेन."

मला ती जागा हवी आहे, शंतनू. हे मी तुझ्या वहिनीला, नीलालाही, इतकं स्पष्ट सांगितलेलं नाही.

तुझा,
दादा

~

६ एप्रिल

चि. शंतनू,

उत्तर आलं नाही. अपेक्षाही नव्हती. पुढचं ऐक.

आधी तिच्या आवाजाबद्दल. तू "गॉस्पेल" म्हटलं की पांढरे झगे आणि गोड समूहगान डोळ्यासमोर आणशील. तसलं काही नाही. दुधाच्या पातेल्याच्या बुडाची खरवड चमच्याने खरवडताना जसा आवाज येतो, तसा तिचा आवाज. आणि त्या खरवडीसारखाच गोड. तिचा गंधार कोमल नाही आणि शुद्धही नाही. कोमलापासून निघतो आणि शुद्धाकडे जाता जाता वाटेत बसकण मारतो. हा ब्लूजचा गंधार. पट्ट्यांच्या वाद्यावर तो सापडणार कसा, हे आपलं पेटीवाल्यांचं जुनं दुखणं. मी उपाय काढला. दोन्ही गंधार एकदम दाबायचे, कोमल किंचित आधी. ग्लोरियाने मान वळवून बघितलं. एवढंच, पण वळवली.

खाली बास आणि ड्रम मात्र देवळातले नाहीत, नाचाचे आहेत. फंक. बासवाला समेवर असा दणका देतो की बाकाची लाकडं हलतात, आणि मग दोन मात्रा चक्क काही वाजवत नाही. मोकळी जागा. लोक टाळी देतात ती मात्रा दोन आणि चारवर. म्हणजे दणका समेवर आणि टाळी समेच्या बाहेर! पहिल्या गुरुवारी माझा पाय एकीकडे आणि हात दुसरीकडे. आरोही स्टेट कॉलेजहून सुट्टीला आली होती, तिने व्हिडिओ बघितला आणि म्हणाली, "बाबा, यू आर क्लॅपिंग लाइक इट्स आरती." पोरगी त्या दिवसापासून फोन उचलला की "हॅलो" च्या ऐवजी टाळ्या वाजवते.

मी अर्थातच अभ्यास केला. फोनवर रेकॉर्ड केलेली सगळी गाणी उतरवून काढली. मात्रा, खंड, कॉर्ड, कडवं निळ्या शाईत, ध्रुवपद लाल. प्रत्येकासाठी एक प्रत, लॅमिनेट करून. मदर टॉलिव्हरने तिची प्रत उलटसुलट बघितली, "सुंदर आहे" म्हणाली आणि तिने वारा घ्यायला सुरुवात केली. पूर्ण तालीमभर. लॅमिनेशनमुळे वारा चांगला येतो म्हणे.

अडचण एकच आहे. यांच्या गाण्याला शेवट नाही. म्हणजे असतो, पण लिहिता येत नाही. गाणं रंगलं की एक ओळ धरायची आणि तीच घोळवत राहायची. त्याला वँप म्हणतात, आपल्या भजनात शेवटी गजर होतो तसं समज. "जोडे झिजले, रस्ता नाही झिजला" एवढीच ओळ, पण दर वेळी ती नवीन काहीतरी सांगते. मी विचारलं, "किती वेळा म्हणायची?"

ड्रमवाला कर्टिस हसायला लागला. हा एरवी स्कूलबस चालवतो, शिस्तीचा माणूस आहे, म्हणून मी त्यालाच विचारलं होतं. इथे सगळे मला ब्रदर पी म्हणतात.

"किती वेळा? ब्रदर पी, संपेपर्यंत."

"पण संपलं हे कळतं कसं?"

"संपतं ना तेव्हा."

आता यावर माणसाने काय लिहून ठेवायचं? मी कागदावर "संपेपर्यंत" असं लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

दादा

~

१२ मे

चि. शंतनू,

काल मदर्स डेची प्रार्थना. चर्च गच्च, टोप्यांचं प्रदर्शन. मला प्रथमच रविवारच्या सभेत वाजवायला मिळालं. कार्यक्रम चांगला झाला. मधे एक किरकोळ तांत्रिक घटना घडली, ती सोडता.

इकडे ट्यूलिप संपले. गवत कापायला सुरुवात केली.

दादा

~

१५ मे

शंतनू,

नीलाने हिमानीला फोनवर सांगितल्याचं कळलं. म्हणजे तुझ्यापर्यंत चुकीची आवृत्ती पोचली असणार. तू हसणारच असशील तर निदान अचूक माहितीवर हस.

"जोडे झिजले" चालू होतं. वँप रंगात आला होता. मदर टॉलिव्हर मंचावरून खाली उतरून बाकांच्या मधल्या वाटेत गेली होती. लोक उभे. एक आजीबाई वाटेतच नाचायला लागल्या होत्या, दोघी स्वयंसेविका त्यांच्या दोन्ही बाजूंना हात पसरून, पडू नयेत म्हणून. ऑर्गनमधून माझ्या तळव्यांत झिणझिण्या येत होत्या. मला इतका आनंद झाला की माझ्या उजव्या हातातून एक तिहाई निघाली.

ठरवून नाही. निघाली. धा-तिर-किट-धा च्या वजनावर, तीनदा, बिनचूक, आणि शेवटचा धा बरोब्बर समेवर. अशी स्वच्छ तिहाई माझ्या हातून नागपुरातसुद्धा पडली नव्हती.

तिहाई पडली की आपण काय समजतो? आवर्तन पूर्ण, वाहवा, पुढे चला. कर्टिस काय समजला? तीनदा तेच आणि मग दणका, म्हणजे ऑर्गनवाला गाणं कापतोय. त्याने झांजा आवळल्या. बासवाला थांबला. बायका थांबल्या. टाळ्या थांबल्या. आजीबाईंचा एक पाय वर होता, तो तसाच राहिला. अख्खं चर्च गप्प, आणि मध्यभागी मदर टॉलिव्हर, पाठमोरी, एक हात वर.

बाहेर टायरच्या दुकानातलं हवा भरायचं यंत्र ऐकू येत होतं.

तिने हात खाली घेतला नाही. तीच ओळ एकटीने उचलली, वाद्याशिवाय, अगदी हळू. मग पाय आपटायला लागली. मग आजीबाईंनी तो वरचा पाय खाली आणला, बरोबर दोनवर. हळूहळू टाळ्या आल्या, कर्टिस आला. मी सूर शोधत होतो. तोपर्यंत ती अर्धी पट्टी वर सरकली होती, आणि मी जिथे हात ठेवला तिथे ती नव्हती. शेवटी हात मांडीवर घेऊन बसलो. ऑर्गनशिवाय गाणं पूर्ण झालं. छान झालं, हे मुद्दाम लिहितो.

नंतर ती माझ्याजवळ येऊन बसली. रागावली नव्हती, तेच जास्त लागलं.

"फार सुरेख होतं ते. काय होतं?"

मी समजावून सांगितलं.

"अस्सं. म्हणजे तू संपवलंस."

"मी संपवलं नाही, मी फक्त..."

"शुगर, तू संपवलंस. माझं अजून संपलं नव्हतं."

माणूस नागपूर सोडून ओहायोला येवो, देऊळ सोडून चर्चमध्ये जावो, लोकांना हेच एक वाक्य सुचतं.

निर्णय असा आहे. रेकॉर्डिंगला क्लीव्हलंडहून तिचा भाचा येणार. मी रविवारी बाकावर बसायचं, काही वाजवायचं नाही, फक्त ऐकायचं. मी म्हटलं, ठीक. घरी येताना रस्ता चुकलो.

दादा

~

१ जून

चि. शंतनू,

एक तांत्रिक प्रश्न आहे. यात भावनिक काही नाही.

मी रविवारी बाकावर बसतो. शेजारी सिस्टर बर्नडीन नावाच्या बाई असतात, निळी टोपी, बेसूर गातात पण जीव तोडून. मला पेपरमिंट देतात. मी लक्ष ठेवून ऐकतो. वँप कुठे संपतो ते ओळखायचा प्रयत्न करतो आणि दर वेळी चुकतो. माझ्या हिशोबाने संपलं की तिचं सुरू असतं, आणि मी आता चालणार म्हणून सैल बसलो की ते सगळे एकदम थांबतात, पाखरांचा थवा वळावा तसे. कोणी खूण करत नाही. मी खूण शोधली. तोंड बघितलं, हात बघितले, टोपीसुद्धा बघितली.

तू कॉलेजात असताना बुवांच्या साथीला बसायचास. बुवा लहरी होते, कुठेही थांबायचे, आणि तुझा हात त्यांच्याबरोबर थांबायचा. मी तेव्हा म्हणायचो की तुम्ही आधी ठरवलेलं असतं. तू नाही म्हणायचास.

तर प्रश्न असा. गाणारा कुठे थांबणार हे साथीदाराला कसं कळतं?

मी स्वतः शोधून काढलं असतं, पण वेळ कमी आहे.

दादा

~

१३ जून

चि. शंतनू,

तुझा मेसेज मिळाला. मी तो ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून वाचला आणि मीटिंगला उशिरा गेलो, जे मी कधी जात नाही. इथे उतरवून ठेवतो, म्हणजे तू काय लिहिलंस ते तुझ्याही लक्षात राहील:

"तोंडाकडे बघू नकोस, खांद्यांकडे बघ. खांदे उचलले म्हणजे श्वास घेतला, म्हणजे अजून आहे. खांदे सुटले की झालं. आणि दादा प्लीज, वाजवताना मान हलवून सगळ्यांना लय दाखवू नकोस. त्यांना माहीत असते."

पहिली तीन वाक्यं उपयोगी आहेत.

काल गुरुवारची तालीम होती. भाचा फक्त आदल्या दिवशी येणार, म्हणून तालमीपुरता मी बसलो तर चालेल असं ग्लोरियाने आईला सांगितलं. मदर टॉलिव्हर म्हणाली, "बसू दे. नाहीतरी हात नुसताच माश्या मारतोय."

"जोडे झिजले" लागलं. मी तिच्या खांद्यांवर नजर ठेवली. स्वेटर घातला होता, बरं झालं, झगा असता तर दिसले नसते. आणि शंतनू, दिसतं रे! ओळ संपते, आवाज बंद होतो, मला शपथेवर वाटतं झालं, आणि खांदे वर चढतात. अजून आहे. मी थांबलो नाही. ती माझी परीक्षा घ्यायला लागली. मधेच गप्प झाली, खिडकीबाहेर बघायला लागली, पर्समधून रुमाल काढला. खांदे वरच. मी चालूच. कर्टिस तिकडे दात काढत होता. मग ती खूप जोरात, छप्पर उडेल अशी एक ओळ म्हणाली, शेवटची वाटावी अशी, आणि खांदे तसेच. मी फसलो नाही. मग अगदी सहज, एका साध्या ओळीवर, ते खाली आले. मी हात उचलला. कर्टिसची काठी आणि माझा हात एकाच वेळी.

मान हलवली नाही. दुखली.

ती म्हणाली, "हे तुला कोणी शिकवलं?"

आता तुला माहीत आहे, या प्रश्नाचं माझं उत्तर ठरलेलं असतं. जन्मभर एकच उत्तर दिलं आहे. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "माझ्या धाकट्या भावाने."

"तो कुठे असतो?"

"बेलव्ह्यूला. वॉशिंग्टन स्टेट."

"ते गावाचं नाव झालं. तो इथे का नाही?"

मी म्हटलं, मोठी गोष्ट आहे. ती म्हणाली, मोठ्या गोष्टी बहुतेक छोट्याच असतात, आणि बायकांना पुढचं गाणं घ्यायला सांगितलं.

रेकॉर्डिंगला बाकीची गाणी भाचा वाजवेल. "जोडे झिजले" मी.

दादा

~

२९ जून

चि. शंतनू,

झालं. काल झालं. नीलाने व्हिडिओ हिमानीला पाठवलाय, पण त्यात मी खांबाआड आहे आणि मधली सात मिनिटं तिने छताचा पंखा टिपलाय, भारावून म्हणे. म्हणून लिहितो.

भाचा चांगला वाजवतो. माझ्यापेक्षा चांगला. हे वाक्य मी दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलंय.

माझं गाणं शेवटचं होतं. कडवी नीट गेली. वँप आला. माझी नजर खांद्यांवर, सगळं तू सांगितल्याप्रमाणे. आणि मधेच, लोक पेटलेले असताना, मदर टॉलिव्हरने माईक स्टँडवर ठेवला, चालत बाजूच्या खुर्चीकडे गेली आणि माझ्याकडे पाठ करून बसली. ग्लोरियाने तिच्या अंगावर शाल टाकली. खांदे गायब!

ती थकली होती की मुद्दाम केलं, हे मला अजून कळलेलं नाही. बायका ओळ म्हणतायत, बासवाला दणके देतोय, आणि कर्टिस माझ्याकडे बघायला लागला. बासवालाही. त्यांचं म्हणणं स्वच्छ होतं: ब्रदर पी, आता तू.

मला एवढंच हवं होतं ना आयुष्यभर? सगळे माझ्याकडे बघतायत, मी ठरवणार. उजव्या हातात चार तरी तिहाया तयार होत्या, एकाहून एक देखण्या. वाजवली असती एक, तर टाळ्या पडल्या असत्या, खरं सांगतो.

पण गात कोण होतं? मी शोधलं. दुसऱ्या रांगेत सिस्टर बर्नडीन उभी होती, डोळे मिटलेले, निळी टोपी कानावर आलेली, सुरापासून बरीच दूर. ती थांबायलाच तयार नव्हती. गेल्या हिवाळ्यात तिचा नवरा गेला, हे मला पेपरमिंटबरोबर कळलं होतं. मी तिच्या खांद्यांवर नजर धरली. ते वर जात होते, पुन्हा वर, पुन्हा वर. मी आवाज कमी केला, कर्टिसने ऐकून काठ्या हलक्या केल्या. बायकांनीही ओळखलं. एवढं गच्च चर्च आणि सगळे एका बेसूर बाईची साथ करत होते. मग तिने एक ओळ अर्धीच म्हटली आणि तिचे खांदे सुटले. बसली ती.

मी हात उचलले. एकदम थांबलं. पाखरांसारखं.

मदर टॉलिव्हरने मागे न बघता एक हात वर केला. नंतर जेवणाच्या टेबलावर विचारलं, "कोणाकडे बघत होतास?" मी सांगितलं. ती म्हणाली, "बर्नडीनला सूर कशाशी खातात ते माहीत नाही. पण संपलं कधी, ते तिला माहीत असतं." आणि माझ्या ताटात न विचारता मॅकरोनीचा दुसरा डाव वाढला. पुढच्या रविवारपासून ऑर्गनवर मी आहे. भाचा क्लीव्हलंडलाच राहणार.

आता कामाचं. तीस ऑगस्टला मंडळाचा गणपतीचा कार्यक्रम आहे. अध्यक्षबाई प्रीता जोगळेकर, तिने मला पेटीसाठी विचारलं. रत्नाकाकू गाणार आहेत. मी काल रात्री त्यांच्या घरी फोन केला आणि विचारलं, माझ्याबरोबर गाल का. त्या म्हणाल्या, "शंतनू तबल्याला असेल तर गाते."

मी त्यांना सांगितलं, विचारतो.

तर विचारतोय. विमानाचं तिकीट मी काढत नाही, तू आलास तर स्वतःहून ये. गेस्ट रूममध्ये गादी बदलली आहे. मी पेटीवर असेन, मान सरळ ठेवेन. काकूंचे खांदे तुझ्या बाजूला असतील अशी बैठक मांडतो. तू हात उचललास की मी थांबेन.

दादा